चौकटीतला तिरंगा

उज्जैनमध्ये इंदूर रस्त्याच्या बाजूला नानाखेडा हा भाग आहे. तिथल्या बस स्टँडला शहीद राजाभाऊ महाकाल यांचं नाव दिलेलं आहे. गावाचं दैवतच महाकाल असल्यामुळे घाईतला प्रवासी हे नाव देवाच्या खात्यावर जमा करून इंदूरची बस शोधायला लागतो. पण राजाभाऊ महाकाल हा हाडामांसाचा माणूस होता. उज्जैनच्या मराठी समाजातला, १९२३ सालचा जन्म, पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा प्रचारक. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हातात तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरताना पोर्तुगीज गोळी लागून तो गेला.

गोव्याचा तो सत्याग्रह कुणा एका पक्षाचा नव्हता. पुण्यातली गोवा विमोचन सहायक समिती सर्वपक्षीय होती. १८ मे १९५५ ला पहिली मोठी तुकडी घेऊन गेले ते समाजवादी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट. पाठोपाठ जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, मग मधु लिमये. १५ ऑगस्टला बांद्यापलीकडे पत्रादेवीच्या सीमेवर वसंतराव ओकांच्या मागे जी रांग होती, तिच्यात राजाभाऊ होते. सागर जिल्ह्यातल्या सहोद्राबाई राय होत्या. त्यांच्या हाताला गोळी लागली आणि दोन वर्षांनी त्या काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेल्या. पंजाबातल्या इसडू गावचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग होता, तोही तिथेच मारला गेला. संघाच्या शाखेत वंदन होतं ते भगव्या ध्वजाला, आणि तिरंग्याशी संघाचं नातं हा तेव्हाही वादाचा विषय होता. तरी त्या सकाळी संघाचा प्रचारक, पुढची काँग्रेस खासदार आणि इसडू गावचा मास्तर एकाच कापडामागे चालत होते. प्रत्येकाच्या मनातला देश थोडा थोडा वेगळा असणार.

त्या क्षणाचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. पावसाळी उजेड, चिखलाची वाट, चारचारच्या रांगेत निःशस्त्र माणसं, पुढच्याच्या हातात झेंडा. मुंबईच्या वर्तमानपत्रात हा फोटो छापला तर खाली ओळ येणार ती हौतात्म्याची. तोच फोटो लिस्बनच्या वर्तमानपत्रात गेला तर? पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असं नाव दिलं होतं. त्यांच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा, आणि तिथे येणारा तिरंगा म्हणजे परक्या देशाचा झेंडा, घुसखोरीचा पुरावा. फोटोतला एक कणही बदललेला नाही. कापड तेच, माणसं तीच. पत्रादेवीच्या त्या काही पावलांत झेंड्याचा अर्थ पालटतो, आणि ती हद्द फोटोत कुठेही दिसत नाही.

माहितीपर छायाचित्रणातली ही जुनी गोम आहे. चौकटीत राष्ट्रध्वज आला की बघणाऱ्याला वाटतं, अर्थ आता हातात आला. हा देश, हा अभिमान, पुढे काय विचारायचं? कसबी छायाचित्रकार मात्र झेंडा दिसला की सावध होतो. कारण चौकटीतल्या बाकी सगळ्या वस्तूंना आपापलं वजन असतं. फाटकी चप्पल म्हणजे फाटकी चप्पल. झेंड्याचं तसं नाही. तो शेजारच्या वस्तूकडून अर्थ उसना घेतो आणि शेजारच्यालाच मोठ्या आवाजात ऐकवतो. खाली पोलीस उभा असेल तर झेंडा म्हणजे सरकार. खाली शाळकरी पोर असेल तर झेंडा म्हणजे उद्याचा दिवस. खाली पोलीस पोराला ओढून नेत असेल, तर मग?

आपल्याकडे हा प्रश्न स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाला होता. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. मागणी एवढीच होती की सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन चालू द्या. १ मेपासून १८ ऑगस्टपर्यंत रोज माणसं झेंडा घेऊन निघायची आणि तुरुंगात जायची. जमनालाल बजाज आत गेल्यावर सूत्रं वल्लभभाई पटेलांनी घेतली. सात वर्षांनी सोलापुरात मार्शल लॉ आला तेव्हा झेंडा बाळगणं हाच गुन्हा होऊन बसला. अशा दिवसांत झेंडा ‘आमचा देश’ म्हणतो त्याच्याही आधी ‘तुमचा कायदा आम्ही मानत नाही’ असं म्हणतो. स्वातंत्र्यानंतर तेच कापड कलेक्टर कचेरीच्या छपरावर चढलं आणि कायद्याच्याच बाजूने बोलायला लागलं. ज्या पिढीने दोन्ही पाहिलं, तिला झेंड्याचा फोटो बघताना साल विचारावं लागत नसे. आपल्याला लागतं.

साल ओळखणं वाटतं तितकं सोपंही नाही, कारण जुने फोटो काळे-पांढरे. फोटोत तिरंग्याचे तीन रंग म्हणजे करड्याच्या तीन छटा, आणि त्या छटा फिल्म आणि फिल्टर ठरवतात. लाल रंग न ओळखणाऱ्या जुन्या फिल्मवर भगवा पट्टा काळपट पडतो. सगळे रंग ओळखणारी फिल्म असेल आणि आकाशातले ढग उठून दिसावेत म्हणून छायाचित्रकाराने भिंगावर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर चढवला असेल, तर तोच भगवा इतका फिका होतो की मधल्या पांढऱ्यात विरघळून जातो आणि झेंडा दोनच पट्ट्यांचा वाटतो. मधल्या चिन्हाची गत याहून बिकट. १९३१ पासून काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता. घटना समितीने २२ जुलै १९४७ ला राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. वाऱ्याने मधला पट्टा दुमडलेला असेल तर फोटोत चरखा आहे की चक्र, म्हणजे पक्षाचा झेंडा आहे की राष्ट्राचा, हे सांगायला कुठलाही मार्ग उरत नाही. १९४७ च्या पावसाळ्यातल्या गर्दीच्या फोटोंत दोन्ही झेंडे असू शकतात, कारण लोकांनी घरात होता तोच झेंडा काढला. त्या दिवशी त्यांना फरक वाटलाही नसेल. आजही लांबून टिपलेल्या, धुरकट फोटोत काँग्रेसचा हाताचा पंजा असलेला झेंडा आणि तिरंगा यांची गल्लत होतेच, आणि मग त्यावरून आपल्याकडे दोन दिवस भांडणं होतात.

१९४७ च्या झेंड्याचे सगळ्यांत ठसठशीत फोटो ज्यांनी काढले, त्या होमाई व्यारावाला मुंबईत घडल्या. जन्म नवसारीचा, १९१३ चा. शिक्षण सेंट झेवियर्स आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि ब्रिटिश माहिती खात्यासाठी काम करू लागल्या. साडी नेसून, खांद्यावर अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन पुरुषांच्या घोळक्यात शिरणारी ही बाई पुढे भारताची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखली गेली. लाल किल्ल्यावर तिरंगा चढतानाचा त्यांचा फोटो आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याखाली १५ ऑगस्ट १९४७ अशी तारीख असते. ती चूक आहे. १५ तारखेला संध्याकाळी झेंडा फडकला तो इंडिया गेटजवळच्या प्रिन्सेस पार्कमध्ये. तिथे गर्दी एवढी लोटली की माउंटबॅटन यांना बग्गीतून उतरताही आलं नाही. नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला तो दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला सकाळी. पण १५ ऑगस्ट आणि लाल किल्ला ही जोडी पुढे दरवर्षीच्या सोहळ्याने मनात इतकी पक्की बसली, की फोटोची तारीखच एक दिवस मागे सरकली.

तारखेची चूक लहान आहे, पण तिच्यातून एक गोष्ट दिसते. झेंड्याचा फोटो आपण बघत नाही, आठवतो. आधीच ठाऊक असलेली गोष्ट त्यात सापडली की डोळे पुढे सरकतात. त्याच व्यारावालांचा जून १९४७ चा दुसरा एक फोटो आहे. काँग्रेसची बैठक, फाळणीच्या योजनेवर मतदान, आणि वर गेलेले हात. त्यात झेंडा नाही, फडफड नाही, आकाश नाही. नुसते हात. मला विचाराल तर दोन्हींपैकी जास्त वेळ थांबवतो तो हा. तो बघताना प्रत्येक हात कुणाचा, त्याने काय विचार केला असेल, असं मन चाचपडत राहतं. झेंड्याचा फोटो तेवढा वेळ मागत नाही. किल्ल्याच्या तटावर चढलेल्या त्या कापडाखाली त्याच आठवड्यात पंजाबात काय चाललं होतं, हे चौकटीत मावत नाही आणि झेंडा ते आठवूही देत नाही.

जगातले दोन सर्वांत प्रसिद्ध झेंड्याचे फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातले आहेत आणि दोन्हींवर अजून खल चालतो. २३ फेब्रुवारी १९४५ ला जो रोझेन्थालने इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर अमेरिकन झेंडा उभारणारे सहा सैनिक टिपले. तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा होता. पहिला लहान होता, म्हणून मोठा आणला गेला. सहाही चेहरे वळलेले किंवा झाकलेले. त्यांची नावं तेव्हाच जाहीर झाली, पुतळा उभा राहिला, तिकिटं निघाली. मग २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने मान्य केलं की नावांत चूक होती. सत्तर वर्षं एक देश चुकीच्या माणसांना ओळखत होता. फोटोचं त्याने काही बिघडलं नाही, कारण त्या फोटोत माणसं मुळात झेंड्याच्या कामासाठीच होती. दुसरा फोटो येव्गेनी खाल्देईचा, २ मे १९४५ चा, बर्लिनच्या राइशस्टागवर सोव्हिएत झेंडा. तो झेंडा लाल टेबलक्लॉथ शिवून मॉस्कोहून मुद्दाम नेलेला. छापण्याआधी एका सैनिकाच्या हातावरचं जादा घड्याळ खोडलं, कारण दोन मनगटांवर दोन घड्याळं म्हणजे लूट. आकाशात धूर वाढवला. झेंडा खरा, विजय खरा, माणसं खरी, आणि तरी फोटो रचलेला.

या दोघांच्या अगदी उलट्या दिशेला उभा असलेला माणूस म्हणजे रॉबर्ट फ्रँक. स्वित्झर्लंडचा ज्यू तरुण. १९५५ मध्ये त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि एक जुनी मोटार घेऊन तो अमेरिकाभर हिंडला. आर्कान्सासमधल्या एका गावात पोलिसांनी त्याला संशयावरून धरून काही तास डांबलं. बोलण्याचा ढंग परका, जवळ कॅमेरे, एवढं पुरलं. हिंडताना त्याने सत्तावीस-अठ्ठावीस हजार फोटो काढले आणि पुस्तकात घेतले ८३. ‘द अमेरिकन्स’ १९५८ मध्ये पॅरिसला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत निघालं. त्यात झेंडा पुन्हा पुन्हा येतो, पण कुठेही गौरवाने फडकत नाही.

पहिलाच फोटो घ्या. न्यू जर्सीतलं होबोकेन, मिरवणुकीचा दिवस. मिरवणूक दिसतच नाही. दिसते विटांची भिंत, दोन खिडक्या, दोन बायका. खिडक्यांच्या मधोमध झेंडा लावलेला आहे आणि त्याचा एक काठ उडून उजवीकडच्या बाईच्या तोंडावर आलाय. डोकं नाहीच, फक्त कोट आणि हात. डावीकडची बाई अर्धी अंधारात. आता याचा अर्थ काय लावायचा? देशाने माणसाचा चेहरा झाकला? की वाऱ्याने झाकला आणि फ्रँकने फक्त बटण दाबलं? की ती बाई कौतुकाने मिरवणूक बघत होती आणि झेंडाही तिनेच लावला होता? तिन्ही शक्य आहेत, आणि चौकट त्यांतलं एकही नाकारत नाही. दुसरा एक फोटो ४ जुलैचा, न्यूयॉर्क राज्यातल्या जे या गावचा. भलामोठा झेंडा वरून लोंबतोय, कापड इतकं विरलेलं की त्यातून पलीकडचं दिसतं, आणि त्याला ठिगळं लावलेली. खालून पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली चालल्यात. तेव्हाच्या अमेरिकन मासिकांनी फ्रँकला झोडपलं, अमेरिकाद्वेष्टा ठरवलं. मला ते ठिगळ मात्र द्वेषाचं वाटत नाही. ज्याला नको असतं तो कापड फेकून देतो. ठिगळ लावतो तो वापरणारा. पण हेही माझंच वाचन झालं. फ्रँकने ते लिहून ठेवलेलं नाही, त्याने खाली फक्त दिवस आणि गावाचं नाव दिलंय.

झेंड्याचा फोटो किती फसवू शकतो याचं सगळ्यांत धडधडीत उदाहरण बॉस्टनचं आहे. ५ एप्रिल १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकाच शाळेत आणण्यासाठी बस लावण्याच्या आदेशाविरुद्ध गोऱ्या तरुणांचा मोर्चा महापालिकेसमोर आला होता. थिओडोर लँडस्मार्क नावाचे कृष्णवर्णीय वकील कामासाठी तिथून चालले होते. मोर्चातल्या पोरांनी त्यांना घेरलं. वृत्तछायाचित्रकार स्टॅनली फॉर्मनच्या फोटोत एक पोरगा झेंड्याची काठी भाल्यासारखी रोखून त्यांच्या अंगावर धावून जातोय, आणि मागून एक जण त्यांना घट्ट धरून उभा आहे. झेंड्याचा भाला झालाय, यापेक्षा स्पष्ट काय असणार? पण बारकाईने बघा. काठी लँडस्मार्कना भोसकली गेली नाही. पोराने ती आडवी फिरवली होती आणि ती हुकली. त्यांचं नाक फुटलं होतं ते त्याआधीच्या ठोशाने. मागून धरणारा माणूस मारणाऱ्यांना साथ देत नव्हता, खाली पडलेल्या लँडस्मार्कना उठवत होता. एका क्षणाने पुढची-मागची हालचाल कापून टाकली आणि वाचवणारा माणूस मारेकरी दिसायला लागला. फोटोला १९७७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तरीही मी त्याला खोटा म्हणणार नाही. झालेला हल्ला खरा होता, त्यामागचा वर्णद्वेष खरा होता, आणि झेंडा त्यांच्या हातात होता हेही खरं. तपशील चुकीचे सांगूनही एखादा फोटो मोठी गोष्ट बरोबर सांगतो. अडचण अशी की नेमकं उलटही होतं, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

उलट कसं होतं ते आपण २६ जानेवारी २०२१ ला पाहिलं. शेतकरी आंदोलनातले काही जण लाल किल्ल्यात शिरले आणि तिथल्या एका रिकाम्या खांबावर त्यांनी निशाण साहिब, शिखांचा धार्मिक ध्वज, चढवला. तटावरचा राष्ट्रध्वज जागच्या जागी होता. पण फोटो जवळून आणि खालून काढलेले. त्यांत एकच खांब दिसत होता. काही मिनिटांत देशभर पसरलं की तिरंगा उतरवून दुसरा झेंडा लावला. लांबून काढलेल्या फोटोंत दोन्ही झेंडे स्वच्छ दिसत होते, पण लांबचा फोटो तेवढा पेटवणारा नसतो, म्हणून तो हळू चालला. किल्ल्यात शिरणं योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. घडलं नाही ते मात्र निव्वळ चौकट आवळल्यामुळे घडल्यासारखं दिसलं.

सीमाभागातल्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. बेळगावात किल्ल्याच्या तलावाकाठी ११० मीटर उंच खांबावर तिरंगा आहे. २०१८ मध्ये उभारला तेव्हा तो देशातला सर्वांत उंच म्हणून गाजला. त्याच शहरात १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाचे लाल-पिवळे झेंडे आणि राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिवस. डिसेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या इमारतीसमोर लाल-पिवळा झेंडा उभारला गेला आणि वाद पेटला. शहराचा फोटो काढायला जाणाऱ्याने लांबचं भिंग लावलं तर उंच तिरंगा, भगवा आणि लाल-पिवळा एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतील. रुंद भिंग लावलं तर त्यांच्यामध्ये रस्ते, दुकानं आणि आपापल्या कामाला चाललेली माणसं येतील. कुठलं भिंग लावायचं, हा तिथे निव्वळ तांत्रिक निर्णय राहत नाही.

भारतीय फोटोंतल्या झेंड्याबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. या झेंड्याचा मालक मध्येच बदलला आहे. २००२ पर्यंत सामान्य नागरिकाला राष्ट्रीय सणांचे मोजके दिवस सोडले तर घरावर वा दुकानावर तिरंगा लावता येत नव्हता. रायगढच्या आपल्या कारखान्यावर झेंडा लावायला हरकत घेतली म्हणून नवीन जिंदाल कोर्टात गेले. हे रायगढ तेव्हा मध्य प्रदेशात होतं. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. त्यामुळे १९५० ते २००० या काळातल्या रस्त्यावरच्या फोटोत एरवीच्या दिवशी तिरंगा दिसला, तर तो बहुधा सरकारचा: कचेरीचं छप्पर, मंत्र्याची गाडी, पोलीस कवायत. नंतरच्या फोटोत तो कुणाचाही असू शकतो. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक जिंकल्यावर मरीन ड्राइव्हवर जे तिरंगे फडफडले, ते आधीच्या पिढीच्या छायाचित्रकाराला दिसणं कठीण होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणात दिल्लीच्या रामलीला मैदानावर तिरंग्यांचं रान माजलं. सरकारचा झेंडा सरकारविरुद्ध. १९२३ च्या नागपूरकरांना ते लगेच कळलं असतं.

मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर डिसेंबर २०१९ मध्ये तर याचा कळस झाला. १९४२ साली याच मैदानावर अरुणा असफ अली यांनी झेंडा फडकवला होता आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला होता. १९ डिसेंबरला नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधकांनी ते मैदान भरून टाकलं, हातात तिरंगे. २७ डिसेंबरला त्याच मैदानावर कायद्याच्या समर्थकांची सभा झाली, हातात तिरंगे. दोन्ही दिवसांचे फोटो शेजारी ठेवून खालच्या ओळी झाकल्या, तर घोषणांच्या पाट्या वाचल्याशिवाय कुठली सभा कुणाची हे ओळखताना भलेभले अडखळतील. फोटोंच्या संग्रहात काम करणाऱ्याला यातला धोका लगेच दिसतो. ओळी हरवल्या, तर पन्नास वर्षांनी हे दोन फोटो एकाच पाकिटात जाणार.

खालची ओळ शाबूत असली तरी काम संपत नाही, हे आसामच्या एका फोटोने दाखवलं. १५ ऑगस्ट २०१७, धुबरी भागातली एक प्राथमिक शाळा, सगळीकडे पुराचं पाणी. झेंडा खांबावर, शिक्षक पाण्यात उभे, दोन लहान मुलं छातीपर्यंत बुडालेली, सगळ्यांचे हात सलामीला. शिक्षकाने समाजमाध्यमावर टाकलेला हा फोटो देशभर फिरला. कुणाला त्यात देशभक्ती दिसली, कुणाला पाण्यात मुलं उभी करणाऱ्या व्यवस्थेची लाज. मग ३० जुलै २०१८ ला आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीचा मसुदा जाहीर झाला. चाळीस लाख लोक यादीबाहेर होते, आणि फोटोतल्या मुलांपैकी एकाचं नाव त्या यादीत नव्हतं. बातमी आली तेव्हा तोच फोटो पुन्हा छापला गेला. पहिल्या वेळी तो मुलगा देशाचं प्रतीक होता; दुसऱ्या वेळी देशाला त्याच्या कागदपत्रांबद्दल शंका होती. फोटोत त्याचा हात तसाच कपाळाशी.

२०२१ च्या अखेरीस ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर बनवलेल्या, पॉलिस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली. जुलै २०२२ मध्ये रात्रीही झेंडा ठेवायची मुभा आली, आणि ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ झालं. आता वस्तीत, चाळीत, रिक्षाच्या आरशाला, रसवंतीच्या छपराला झेंडे आहेत. फ्रँकला १९५५ ची अमेरिका जशी भेटली, तशी आपली गावं झाली आहेत: कॅमेरा कुठेही रोखा, कोपऱ्यात झेंडा येणारच. त्यामुळे चौकटीत झेंडा असणं ही आता छायाचित्रकाराची निवड उरलेली नाही. तो ठेवला तर काही म्हणायचंय असं वाटतं. मुद्दाम टाळला तर त्याहून जास्त.

यात एक व्यवहाराची अडचण आहे, आणि तरुण छायाचित्रकारांना ती पहिल्यांदा सांगावी लागते. ध्वजसंहितेनुसार फाटका किंवा मळलेला झेंडा लावायचा नाही. तो जमिनीला वा पाण्याला टेकता कामा नये, पडद्यासारखा वापरता कामा नये. १९७१ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रध्वजाचा अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आता समजा, एका पत्र्याच्या झोपडीवर ऑगस्टपासून राहिलेला, उन्हाने पांढरट झालेला, कडेला उसवलेला तिरंगा आहे. फोटो म्हणून तो उत्तम आहे. घरातल्या माणसाने तो हौसेने लावला आणि उतरवायचा जीव झाला नाही, किंवा उतरवायचं ध्यानातच राहिलं नाही, किंवा गळती थांबते म्हणून ठेवला. फोटोत या तिन्ही कारणांचा झेंडा एकसारखाच दिसणार. छायाचित्रकाराला बक्षीस मिळेल ते त्या संदिग्धतेसाठी, आणि तक्रार झाली तर पोलीस जातील त्या घरी. म्हणून काही जण असा फोटो छापताना गल्लीचं नाव गाळतात, दारावरचा घर क्रमांक चौकटीबाहेर ठेवतात, आणि त्या माणसाला विचारून त्याने सांगितलेलं कारण आपल्या वहीत लिहून घेतात.